बाईक उचलायला टोइंग येईल, पण तुम्हाला मुंबईला कोण आणणार?

गणपती आठ-दहा दिवसांवर आले की लालबाग, परळ, गिरगावच्या चाळींत दरवर्षी तीच चर्चा सुरू होते. कोकण रेल्वेचं तिकीट वेटिंगवर, खासगी बसचं भाडं आवाक्याबाहेर, एसटीत जागा मिळालीच तर ती आई-बाबांना. मग गॅलरीत उभं राहून कुणीतरी म्हणतं, "बाईकनेच जाऊया की. पहाटे निघालो तर दुपारपर्यंत गावी." चेनला तेल, टायरमध्ये हवा, सॅकमध्ये रेनकोट. घरातून एकच प्रश्न येतो, "गाडीचे पेपर आहेत ना?" आणि उत्तर येतं, "आहेत ना, मोबाईलमध्ये आहेत."

हे पेपर नेमके कशाचे आहेत, हे मात्र फार कमी जण उघडून बघतात.

गाडीच्या विम्यासोबत अनेक जण थोडे जास्त पैसे देऊन 'रोडसाइड असिस्टन्स' घेतात. पंक्चर झाली तर काय, बॅटरी उतरली तर काय, टोइंग किती किलोमीटरपर्यंत फुकट, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. म्हणजे कशेडी घाटात बाईक बंद पडली तर ती कोण उचलणार, याचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे. पण बाईकसोबत तुम्हीही पडलात तर तुम्हाला कोण उचलणार, कुठपर्यंत नेणार आणि त्याचे पैसे कोण भरणार?

विम्याच्या भाषेत या मदतीला 'इमर्जन्सी मेडिकल इव्हॅक्युएशन' म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचं तर, जिथे उपचार होऊ शकत नाहीत तिथून रुग्णाला उपचार होतील तिथे हलवणं. गोष्ट क्वचित लागणारी आहे, पण लागते तेव्हा त्या रात्री घरातलं सगळं वाचन आणि फोनाफोनी याच एका मुद्द्यावर चालते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते.

केईएमच्या सावलीत राहिल्याचा तोटा

दक्षिण-मध्य मुंबईत वाढलेल्या माणसाला हॉस्पिटल लांब असू शकतं, ही कल्पनाच नसते. परळला केईएम, त्याच्या समोरच टाटा, शेजारी वाडिया. मुंबई सेंट्रलला नायर, पुढे सायन. राज्यभरातले रुग्ण एसटी आणि रेल्वेने इथे येतात, फुटपाथवर राहतात, आणि आपण त्यांच्या बाजूने चालत ऑफिसला जातो. त्यामुळे बाईक पनवेलच्या पुढे गेली की नकाशा उलटतो, हे लक्षात येत नाही. आता तुम्ही तो लांबून येणारा रुग्ण आहात.

मुंबई-गोवा महामार्गावर हॉस्पिटलं नाहीत, असं नाही. माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे, चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि मेडिकल कॉलेज आहे, रत्नागिरी आणि ओरोसला जिल्ह्याची रुग्णालयं आहेत. हात मोडला, टाके पडले, इतक्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. प्रश्न येतो तो डोक्याला मार लागला की. रात्री दोन वाजता न्यूरोसर्जन कुठे आहे, याचं उत्तर महामार्गाच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळं आहे. सिंधुदुर्गातली गंभीर केस कित्येकदा मुंबईकडे न येता दक्षिणेला जाते, गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला, किंवा घाट चढून कोल्हापूरला. २०१८ मध्ये गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना तिथे शुल्क लावलं, तेव्हा सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गात, मोठं आंदोलन झालं होतं. ते हॉस्पिटल तळकोकणासाठी काय आहे, हे त्या आंदोलनातून कळलं.

जे पेपर आहेत, ते काय देतात?

पहिला पेपर थर्ड पार्टी. तो तुमच्यासाठी नाहीच, तुमच्यामुळे ज्याला इजा होईल त्याच्यासाठी आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यातून एक गैरसमज झालाय, "माझा इन्शुरन्स पाच वर्षांचा आहे." थर्ड पार्टी पाच वर्षांचा असतो. बाकीचं कव्हर एका वर्षात संपलेलं असू शकतं.

दुसरा, मालक-चालकाचा पर्सनल अॅक्सिडेंट. १५ लाखांचा, सक्तीचा. आकडा मोठा आहे म्हणून धीर येतो. पण हा विमा हॉस्पिटलचं बिल भरत नाही. मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच पैसे मिळतात. दोन्ही हात-पाय किंवा दोन्ही डोळे गेले तर पूर्ण, एक गेला तर निम्मे. मांडीचं हाड मोडून तीन महिने घरी बसलात तर शून्य. आणि तो गाडीच्या नोंदणीकृत मालकाला लागू होतो. मित्राची बुलेट मागून नेलीत किंवा मनालीला भाड्याने घेतलीत, तर त्या गाडीचं हे कव्हर तुमचं नाही. मागे बसलेल्याचंही नाही.

तिसरा पेपर म्हणजे मेडिक्लेम, बहुतेकांचा ऑफिसने दिलेला. हॉस्पिटलचं बिल हाच भरतो, म्हणून तिघांत हा सर्वांत महत्त्वाचा. पण रुग्णाला हलवण्याच्या बाबतीत याचा हात आखडता असतो. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे 'आरोग्य संजीवनी'. विमा नियामक इर्डाने १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना एकसारखी विकायला लावलेली ही पॉलिसी. तिच्यात रुग्णवाहिकेसाठी एका हॉस्पिटलायझेशनमागे जास्तीत जास्त २,००० रुपये मिळतात. शहरात हे चालून जातं. लालबागहून केईएमला जायला कितीसे लागतात? पण व्हेंटिलेटर आणि डॉक्टर असलेली गाडी कणकवलीहून मुंबईला आणायची, म्हणजे साधारण साडेचारशे किलोमीटर, आणि त्या गाडीचं परतीचं भाडंही आपणच द्यायचं. तिथे या २,००० रुपयांना काही अर्थ उरत नाही.

हे लिहिताना मी माझी स्वतःची पॉलिसी पहिल्यांदा शेवटच्या पानापर्यंत वाचली. रुग्णवाहिकेची मर्यादा बाविसाव्या पानावर होती. आकडा २,००० पेक्षा बरा होता, पण त्याखालची ओळ जास्त महत्त्वाची निघाली: 'जवळच्या रुग्णालयापर्यंत'.

जवळचं रुग्णालय की आपलं रुग्णालय?

सगळा घोळ या दोन शब्दांत आहे. अपघातानंतरचा प्रवास एका फेरीत संपत नाही. रस्त्यावरून पहिल्या हॉस्पिटलपर्यंत, तिथून शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा हॉस्पिटलपर्यंत, आणि मग, आठ दिवसांनी किंवा महिन्याने, घरापर्यंत.

पहिल्या फेरीची व्यवस्था आपल्याकडे बरी आहे आणि ती फुकट आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा सुरू आहे. सुरुवात ९३७ रुग्णवाहिकांनी झाली होती. टोल असलेल्या राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ आहे, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत, हे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच आलंय. शिवाय ५ मे २०२५ ला केंद्राने अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली. अपघात झाल्यापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचे उपचार, नेमून दिलेल्या हॉस्पिटलांत. विमा असो वा नसो. ही योजना सहज आलेली नाही. कायद्यात तरतूद होऊनही ती कागदावरच होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सरकारला मुदत घालून दिली, तेव्हा ती आली. राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेतच.

बाईक दरीत गेली तर? तिथे विम्याचा संबंधच नाही. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोली कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस कोसळली, तेव्हा दोर लावून खाली उतरले ते महाबळेश्वर ट्रेकर्ससारखे स्वयंसेवक. सह्याद्रीत रेस्क्यू म्हणजे अजूनही ही पोरं. ती बिल देत नाहीत आणि कोणती पॉलिसी आहे हेही विचारत नाहीत.

अडचण सुरू होते दुसऱ्या फेरीपासून. समजा, परळचा एक पंचविशीतला मुलगा संगमेश्वरजवळ पडला. १०८ ने त्याला जवळच्या सरकारी रुग्णालयात नेलं. रक्तस्राव थांबवला, पण डोक्याचा मार आहे, पुढे हलवा म्हणाले. आता तीन मतं तयार होतात. तिथले डॉक्टर म्हणतात, डेरवण किंवा कोल्हापूर, जे लवकर गाठता येईल ते. मुंबईहून वडील फोनवर म्हणतात, "काहीही करा, इकडे आणा, इथे ओळखी आहेत." आणि विमा कंपनीचा माणूस विचारतो, "मेडिकली नेसेसरी आहे का? तसं पत्र आहे का?"

बहुतेक वेळा डॉक्टरांचं बरोबर असतं. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला सात-आठ तास खड्ड्यांतून आणणं हा उपचार नाही, जुगार आहे. पण वडिलांचंही पूर्ण चूक नाही. शस्त्रक्रियेनंतर महिनाभर कोल्हापुरात कोण राहणार, डबा कोण देणार, कामावरून रजा किती मिळणार? मुंबईतल्या मध्यमवर्गीय घराला हे प्रश्न बिलाइतकेच जड जातात. विम्याची भाषा मात्र फक्त पहिला प्रश्न ओळखते. 'जवळच्या योग्य रुग्णालयात' नेणं त्याला मान्य असतं. 'घराजवळच्या रुग्णालयात' आणणं ही त्याच्या लेखी सोय आहे, गरज नाही. क्लेम नाकारले जातात ते बहुधा इथे, आणि लोक म्हणतात कंपनीने फसवलं. कंपनीने बाविसाव्या पानावर लिहिलेलं असतं.

परदेशात हा फरक दोन वेगळ्या उत्पादनांत विकला जातो. मेडजेट नावाची अमेरिकी कंपनी विमा विकत नाही, सदस्यत्व विकते. तुम्ही घरापासून दूर हॉस्पिटलात दाखल झालात की तिथून ती तुम्हाला तुमच्या पसंतीच्या, घराजवळच्या हॉस्पिटलात नेते. ग्लोबल रेस्क्यू नावाची दुसरी कंपनी त्याच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे डोंगरातून उचलण्यावर भर देते, पण १५ हजार फुटांच्या वर गेलात तर त्याचे वेगळे पैसे मागते. आपल्याकडच्या पॉलिसींत हे दोन्ही एका 'अॅम्ब्युलन्स' या शब्दाखाली कोंबलेलं असतं. म्हणून विकत घेताना एजंटला 'अॅम्ब्युलन्स आहे का' असं विचारून उपयोग नाही. एका हॉस्पिटलमधून दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये नेण्याचे पैसे मिळतात का, किती किलोमीटरपर्यंत किंवा किती रुपयांपर्यंत, आणि दुसरं हॉस्पिटल कोण ठरवणार, हे विचारायचं. आणि उत्तर फोनवर नाही, ईमेलवर मागायचं.

एअर अॅम्ब्युलन्स घ्यायची का?

अलीकडे बऱ्याच आरोग्य विम्यांत एअर अॅम्ब्युलन्स जोडून मिळते. जाहिरातीत हेलिकॉप्टर दिसलं की सौदा चांगला वाटतो. माझं मत असं की तुमची बाईक मुख्यतः कोकण, महाबळेश्वर, नाशिक याच वाटेवर धावत असेल तर यासाठी वेगळे पैसे मोजण्याची घाई करू नका. कोकणात बाईकवाल्यांची सर्वाधिक गर्दी असते ती गणपतीत, म्हणजे ऐन पावसात. ढग खाली आलेले, घाटात धुकं, अंधार पडलेला. अशा वेळी हेलिकॉप्टर उडत नाही, पॉलिसीत काहीही लिहिलेलं असो. इथे कामाला येईल ती आयसीयूची सोय असलेली रस्त्यावरचीच गाडी. म्हणून रोड अॅम्ब्युलन्सची मर्यादा 'प्रत्यक्ष खर्चाइतकी' असलेली पॉलिसी शोधणं जास्त शहाणपणाचं.

लडाखचं गणित वेगळं. मे-जून उजाडला की दादर-गिरगावचे ग्रुप बाईक रेल्वेने दिल्ली-चंदीगडला पाठवतात, किंवा सरळ मनालीला किंवा लेहला भाड्याने घेतात. तिथे मोठं हॉस्पिटल म्हणजे लेहचं सोनम नोरबू मेमोरियल. त्याच्या पुढची मदत चंदीगड किंवा दिल्लीला, आणि तिथे लवकर जायचं तर विमानानेच. लेहचा विमानतळ साडेदहा हजार फुटांवर आहे, दुपारी वारे सुटतात, म्हणून प्रवासी विमानं सकाळीच येऊन जातात. एअर अॅम्ब्युलन्सचा खर्च काही लाखांच्या घरात जातो. इथे हे कव्हर खरोखर उपयोगाचं आहे.

पण लडाखमध्ये एक खाच आहे आणि ती लक्षात न आल्याने अनेक जण चुकीची पॉलिसी घेऊन जातात. बाईक ट्रिप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अपघात येतो, म्हणून आपण 'अॅक्सिडेंट पॉलिसी' घेतो. विम्यात अपघाताची व्याख्या ठरलेली आहे: अचानक, अनपेक्षित, बाहेरून झालेला, दिसणारा आघात. खारदुंगला किंवा पांगला रात्री छातीत पाणी भरलं, श्वास लागला, ओठ निळे पडले, तर तो अपघात नाही. तो आजार आहे. विरळ हवेत होणाऱ्या या त्रासात रुग्णाला ऑक्सिजन देऊन लवकरात लवकर खाली उतरवणं हाच उपचार असतो. म्हणजे हलवणं आणि उपचार करणं एकच. नेमकं तिथेच अपघात विमा म्हणतो, हे माझ्यात बसत नाही. मर्यादित पैसे असतील तर लडाखसाठी अपघात आणि आजार दोन्हींत हलवण्याचा खर्च देणारं कव्हर घ्या. नुसत्या अपघाताचं, कितीही स्वस्त असलं तरी, अर्धंच आहे.

दुसरी खाच म्हणजे 'आधी आम्हाला फोन करा'. जवळजवळ प्रत्येक हवाई कव्हरमध्ये कंपनीची पूर्वपरवानगी लागते. स्वतःच विमान ठरवून नंतर बिल दिलं तर ते अडकू शकतं. ही अट उगाच आलेली नाही. २०१८ मध्ये नेपाळमध्ये सरकारी चौकशीत उघड झालं की काही ट्रेकिंग एजन्सी, हेलिकॉप्टरवाले आणि हॉस्पिटलं मिळून पर्यटकांना गरज नसताना हेलिकॉप्टरने उतरवत होती आणि परदेशी विमा कंपन्यांना बिलं लावत होती. नेपाळचं कव्हरच बंद करू, असा इशारा विमा कंपन्यांनी तेव्हा दिला होता. आपल्याकडे हॉस्पिटलच्या कॅशलेस अर्जावर तासाभरात निर्णय द्या, असं इर्डाने २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलंय. एअर अॅम्ब्युलन्सची परवानगी किती वेळात मिळेल, हे मात्र तुमच्या पॉलिसीत शोधावं लागेल. खारदुंगला मोबाईलला रेंज नसते, हे गृहीत धरून तो फोन कोण करणार ते निघण्याआधी ठरवा. मुंबईत घरी बसलेला भाऊ किंवा बहीण हे काम ग्रुपमधल्या कोणाहीपेक्षा चांगलं करू शकते. फक्त तिच्याकडे पॉलिसीचा नंबर हवा.

'बाईकिंग म्हणजे अॅडव्हेंचर स्पोर्ट, क्लेम मिळणार नाही'

हे वाक्य प्रत्येक रायडिंग ग्रुपमध्ये ऐकू येतं. आरोग्य विम्याच्या बाबतीत ते बहुतांशी चुकीचं आहे. इर्डाने वगळलेल्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली आहे आणि प्रत्येकीला कोड दिलाय. धोकादायक खेळांचा कोड आहे एक्स्क्ल ०९. त्यात मोटर रेसिंग, गिर्यारोहण, राफ्टिंग वगैरे आहे, पण अट आहे 'व्यावसायिक म्हणून' भाग घेतल्याची. रस्त्याने बाईक चालवत गावी जाणं किंवा सुट्टीत लेहला जाणं त्यात येत नाही. नवीन पॉलिसीचा पहिल्या ३० दिवसांचा थांबाही अपघाताला लागत नाही.

प्रवास विमा आणि वेगळा घेतलेला अपघात विमा मात्र या एकसारख्या भाषेत बांधलेले नसतात. तिथे दुचाकीवर मर्यादा असू शकते. इंजिन किती सीसीचं, लायसन्स त्या वर्गाचं आहे का, हेल्मेट होतं का, हे विचारलं जातं. नेपाळ-भूतानला बाईक नेणाऱ्यांनी प्रवास विम्यातली 'टू व्हीलर' या शब्दाजवळची प्रत्येक ओळ वाचावी. लर्निंग लायसन्सवर मित्राची गाडी चालवत असाल किंवा दारू प्यायला असाल, तर कोड शोधण्याची गरज नाही. तिथे क्लेम मागण्याची आशा सोडून द्या.

टूर कंपनीसोबत जाणाऱ्यांसाठी एक सूचना. 'इन्शुरन्स इन्क्लूडेड' असं पोस्टरवर लिहिलेलं असतं. ती बहुधा ग्रुप अपघात पॉलिसी असते, म्हणजे वर सांगितलेली अर्धी गोष्ट. सर्टिफिकेटवर तुमचं नाव आहे का आणि त्यात हॉस्पिटलचा खर्च आहे का, हे पैसे भरण्याआधी मागा. देत नसतील तर ते नाही असं समजा.

मग घ्यायचं काय?

तिशीच्या आतल्या, पगारदार, वर्षातून दोन-चार लांबच्या राइड करणाऱ्या मुंबईकरासाठी माझा क्रम असा. सर्वांत आधी स्वतःच्या नावावरचा आरोग्य विमा, कारण ऑफिसचा विमा नोकरीसोबत जातो आणि आमच्या वयात नोकऱ्या बदलतातच. त्यात रोड अॅम्ब्युलन्सची मर्यादा आणि हॉस्पिटल ते हॉस्पिटल बदलीचं कलम बघायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. गंमत म्हणजे त्याच दिवशी ३५० सीसीच्या वरच्या बाईकवरचा कर ४० टक्के झाला. मोठी गाडी घेणं पुढे ढकललं असेल तर तो फरक कुठे टाकायचा हे सरकारनेच सुचवलंय म्हणा ना.

त्यानंतर स्वतंत्र अपघात विमा. गाडीच्या १५ लाखांवर विसंबू नका, तो गाडीला चिकटलेला आहे, तुम्हाला नाही. इर्डाची 'सरल सुरक्षा बिमा' ही एकसारखी पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे मिळते. त्यात मूळ कव्हर मृत्यू आणि अपंगत्वाचं आहे. काम बंद पडल्यावर मिळणारा भत्ता आणि अपघातातला हॉस्पिटल खर्च हे ऐच्छिक भाग आहेत. बाईकवाल्याने हे दोन्ही भाग घ्यावेत, विशेषतः पहिला. पाय प्लॅस्टरमध्ये असताना घरभाडं थांबत नाही. डिलिव्हरी करणाऱ्या किंवा फ्रीलान्स काम करणाऱ्यांना तर या भत्त्याशिवाय पर्याय नाही.

एअर अॅम्ब्युलन्स फक्त लडाख, स्पिती, ईशान्य भारत यासाठी, आणि तेही आजार धरून. तेवढ्या दिवसांपुरता देशांतर्गत प्रवास विमा घेता येतो. परदेशात निघालात तर प्रश्नच नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचं, मायदेशी परत आणण्याच्या खर्चासह कव्हर दाखवल्याशिवाय युरोप आत घेत नाही. आपल्याच देशात आपण रत्नागिरीहून परळला परत कसे येणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

रेल्वे विचारते, तेही ४५ पैशांत. दादरहून तुतारी एक्स्प्रेसचं ऑनलाइन रिझर्व्हेशन करताना तो जो विम्याचा चौकोन येतो, त्यात रेल्वे अपघाती मृत्यूला १० लाख, हॉस्पिटलला २ लाखांपर्यंत आणि मृतदेह नेण्यासाठी १० हजार रुपये आहेत. वाचायला बरं वाटत नाही, पण शेवटच्या प्रवासाचाही आकडा लिहून ठेवणारी पॉलिसी त्या चौकोनात आहे. बाईकच्या पेपरमध्ये ती ओळ शोधून बघा.

आणि ज्यांना यातलं काहीच आत्ता परवडत नाही, त्यांनी निघण्याआधी दहा मिनिटांची दोन कामं करावीत. मोबाईलच्या लॉक स्क्रीनवर घरच्या एका माणसाचा नंबर आणि रक्तगट टाकावा, कारण सगळे पेपर त्याच मोबाईलमध्ये आहेत आणि तो उघडायला तुमचा अंगठा लागतो. आणि एका कागदावर पॉलिसी नंबर, कंपनीचा टोल फ्री नंबर आणि ज्या वाटेने जाणार त्या वाटेवरच्या दोन मोठ्या हॉस्पिटलांची नावं लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावीत. पाऊस असणार आहे.